तिसऱ्या सिलिंडरची वेळ



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण आज इथे जमलो आहोत, त्यांच्याकडे पदवी नव्हती आणि असं व्यासपीठही त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही. पत्र्याच्या एका शेडमध्ये त्यांनी आयुष्य काढलं आणि आमच्यासारख्या कितीतरी पोरांच्या हाताला वळण लावलं. आम्ही त्यांना नुसतं ‘मिस्त्री’ म्हणायचो. आजही तसंच म्हणतो.

मिस्त्रींकडे सागवानाची एक पट्टी होती. तिला ओळीत चार भोकं पाडलेली होती. गाडीचे प्लग काढले की पहिल्या सिलिंडरचा प्लग पहिल्या भोकात, दुसऱ्याचा दुसऱ्यात, असे ते उभे करून ठेवायचे. एखाद्या नव्या पोराने चारही प्लग एकदम रॉकेलच्या भांड्यात टाकले, तर एरवी शांत असणारे मिस्त्री चिडायचे. म्हणायचे, “कोण कुठला हेच गेलं, तर आता बोलायचं कशावर?” त्या वयात मला ती शिस्तीची बाब वाटली होती. ती निदानाची बाब होती हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आजचा विषय त्या पट्टीतूनच निघाला आहे: इंजिन ट्यून करताना प्रत्येक सिलिंडरची ठिणगी वेगळ्या वेळी टाकावी का, आणि टाकायची तर कशाच्या आधारावर?

सभागृहात गॅरेजवाले आहेत, आयटीआयचे विद्यार्थी आहेत आणि या विषयाशी संबंध नसलेली मंडळीही आहेत. म्हणून थोडं मुळापासून सांगतो. पेट्रोल इंजिनात ठिणगी पिस्टन माथ्यावर पोहोचल्यावर पडत नाही, त्याच्या आधी पडते. कारण मिश्रण एका क्षणात जळत नाही. प्लगच्या टोकाशी ज्योतीचा बारीक कोंब फुटतो आणि तो वाढत वाढत भिंतीपर्यंत जातो. अर्धं मिश्रण जळेपर्यंत साधारण दोन मिलिसेकंद जातात असं धरा. मिनिटाला ३००० फेऱ्यांना क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो, म्हणजे दोन मिलिसेकंदांत ३६. जळणाचा दाब पिस्टन माथ्यावरून १२ ते १६ अंश खाली उतरल्यावर शिखराला पोहोचला, तर क्रँकला सर्वांत चांगला रेटा मिळतो. तो नेमका तिथे गाठायचा तर ठिणगी आधीच टाकावी लागते. किती आधी, तो आकडा म्हणजे आपलं ‘टायमिंग’. वेग वाढला की सिलिंडरमधली हवेची घुसळण वाढते आणि ज्योतही जलद पळते. म्हणून वेग दुप्पट झाला तरी टायमिंग दुप्पट करावं लागत नाही. तसं नसतं, तर जोरात पळणारी इंजिनं बनवणं फार अवघड झालं असतं.

ठिणगी उशिरा पडली तर जोर वाया जातो आणि उष्णता सायलेन्सरवाटे निघून जाते. ठिणगी फार लवकर पडली तर त्याहून वाईट घडतं. ज्योत पोहोचायच्या आत कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं, एकदम, आणि धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. आपण त्याला नॉकिंग म्हणतो. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी शंभर वर्षांपूर्वी याचा मूळ अभ्यास केला. अमेरिकेत थॉमस मिजली यांनी डिसेंबर १९२१ मध्ये शिशाचं संयुग पेट्रोलमध्ये मिसळून नॉकिंग थांबवलं. त्या शिशाने जगभरच्या लहान मुलांच्या रक्तात विष कालवलं. आपल्या देशात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. टायमिंगच्या चार अंशांसाठी माणसाने केवढी किंमत मोजली, हे आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली फियाट, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी, आपल्यापैकी अनेकांनी उघडली आहे. तिचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. तिचं टायमिंग आपण कसं लावायचो? पहिल्या सिलिंडरची खूण जुळवायची, डिस्ट्रिब्यूटर फिरवायचा, नट आवळायचा, झालं. एकाचं टायमिंग लावलं आणि चौघांचं लागलं असं धरून चाललो. उरलेल्या तिघांना कोणी विचारलं नाही.

मिस्त्री विचारायचे. टायमिंग लाइटचा चिमटा पहिल्या वायरवरून काढून ते चौथ्या वायरला लावायचे. पहिला आणि चौथा पिस्टन एकाच वेळी माथ्यावर येतात, म्हणून खूण त्याच जागी दिसायला हवी. जुन्या गाडीत ती दिसायची नाही. दोन-तीन अंश इकडे किंवा तिकडे सरकलेली असायची. मग पुलीच्या बरोबर समोरच्या बाजूला ते खडूने दुसरी खूण करायचे आणि दुसरा-तिसरा तपासायचे. डिस्ट्रिब्यूटरचा दांडा बुशमध्ये हलत असला किंवा कॅमची एखादी धार झिजलेली असली, की प्रत्येक सिलिंडरची ठिणगी आपापल्या वेळी पडते. त्यातून हा दांडा क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. तिथली एक अंशाची चूक म्हणजे क्रँकवर दोन अंशांची. म्हणजे प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग वेगळं असणं ही आजच्या संगणकाची करामत नाही. आपल्या गाड्यांत ते आधीपासूनच होतं. फक्त ते आपण ठरवलेलं नव्हतं, झिजेने ठरवलेलं होतं.

याहून मागे जाऊ. १९०८ साली बाजारात आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत एक लाकडी पेटी होती आणि तिच्यात चार कॉइल होत्या, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र. प्रत्येक कॉइलवर थरथरणारी एक पोलादी पट्टी असायची. वीजप्रवाह पुरेसा वाढला की पट्टी ओढली जायची, जोड तुटायचा आणि ठिणगी पडायची. पट्टी जास्त ताठ असेल तर प्रवाह आणखी वाढावा लागायचा आणि ठिणगी उशिरा पडायची. चार पट्ट्यांचा ताण चार तऱ्हांचा असेल, तर चार सिलिंडरच्या वेळा चार. चार कॉइलमध्ये अर्ध्या मिलिसेकंदाचा फरक पडला, तर १५०० फेऱ्यांना तो साडेचार अंश होतो. म्हणून कॉइल जुळवण्यासाठी हाताने फिरवायचं एक खास तपासणी यंत्र फोर्डच्या विक्रेत्यांकडे असायचं. दीड कोटी गाड्या त्या पेटीवर चालल्या. आज प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसवलेली गाडी कोणी मला ‘नवं तंत्र’ म्हणून दाखवतो, तेव्हा मला ती पेटी आठवते.

आता ज्या उदाहरणावरून आजच्या व्याख्यानाला नाव दिलं, ते सांगतो. फोक्सवॅगनची बीटल. मागे बसवलेलं, हवेने थंड होणारं, आडव्या चार सिलिंडरचं इंजिन. पंखा हवा ओढतो आणि पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरवर सोडतो. या आवरणाच्या आत, डाव्या बाजूला, तेल थंड करणारा कूलर उभा केलेला होता. त्याच्या आडोशाला होता तिसरा सिलिंडर. एक तर त्याच्याकडे हवा कमी जायची, आणि जी जायची ती गरम तेलाची उष्णता घेऊन जायची. तिसरा सिलिंडर तापायचा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह निकामी झाला, पिस्टन अडकला, तर तो बहुतेक वेळा तिसऱ्याचाच.

यावर काही डिस्ट्रिब्यूटरमध्ये केलेला उपाय मला फार मोलाचा वाटतो. पॉइंट उघडणाऱ्या कॅमला चार धारा असतात. त्यातली तिसऱ्या सिलिंडरची धार मुद्दाम किंचित सरकवून घासली, म्हणजे तिसऱ्याची ठिणगी बाकीच्यांपेक्षा दोन ते चार अंश उशिरा पडेल. ना संगणक, ना सेन्सर. कारखान्यात बसलेल्या कोणीतरी एका सिलिंडरची अडचण ओळखली आणि ती पोलादावर कोरून ठेवली. ठिणगी उशिरा पडली की त्या सिलिंडरमधला कमाल दाब उतरतो आणि नॉकिंगची शक्यता कमी होते. थोडी ताकद गेली, पण पिस्टन वाचला.

पण याची दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं योग्य नाही. ठिणगी उशिरा पडली की जळणं लांबतं आणि एक्झॉस्टवाटे बाहेर पडणारा वायू जास्त गरम असतो. म्हणजे पिस्टनला आराम मिळाला तरी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याच्या भोवतालचा धातू यांना तो मिळत नाही. खरं औषध १९७१ च्या सुमारास मिळालं. त्या वेळी कूलर आवरणाच्या मुख्य वाटेतून काढून मागे एका वेगळ्या घरट्यात बसवला आणि त्याची गरम हवा थेट बाहेर सोडली. तिसऱ्याच्या वाटेतला अडथळा गेला. टायमिंगने वेळ मारून नेली होती, आजार कूलर हलवल्यावर गेला. प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग वेगळं करण्याआधी, तो सिलिंडर वेगळा का वागतो याचं उत्तर हातात हवं, हे माझं मत बीटलने पक्कं केलं.

अमेरिकी व्ही-८ इंजिनांतही हीच गोष्ट दिसते. शेव्हरलेचं १९५५ चं स्मॉल ब्लॉक घ्या. त्याच्या हेडमध्ये मधल्या दोन सिलिंडरचे एक्झॉस्ट मार्ग एकमेकांना चिकटून आहेत, म्हणून मधला भाग जास्त तापतो. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. यात पाचव्यानंतर लगेच सातवा पेटतो, आणि हे दोघे एकाच बाजूला, मागच्या टोकाला, शेजारी शेजारी आहेत. त्यांच्या प्लगच्या वायरी बऱ्याच अंतरापर्यंत लगटून गेल्या असतील, तर पाचव्याच्या वायरमधला झटका सातव्याच्या वायरमध्ये उतरू शकतो, आणि सातवा फार लवकर पेटू शकतो. शर्यतीची इंजिनं बांधणाऱ्यांनी त्यावर कॅमशाफ्ट बदलून चार आणि सात यांच्या जागांची अदलाबदल केली. १९९७ मध्ये शेव्हरलेने नवी एलएस मालिका आणली, तेव्हा तिचा क्रमच १-८-७-२-६-५-४-३ ठेवला. पाठोपाठ पेटणारी शेजारची जोडी मागच्या टोकाकडून पुढच्या टोकाला गेली. इथेही अंश बदलण्याआधी रचना बदलली गेली.

आता ऐकण्याच्या साधनांविषयी थोडं बोलतो. मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावायचे आणि मूठ कानाला. आजचा नॉक सेन्सर हेच काम करतो. त्यात दाबाने वीज निर्माण करणारा स्फटिक असतो. नॉकिंगचा आवाज कोणत्या स्वरात येईल हे सिलिंडरच्या व्यासावर ठरतं, याची मांडणी एमआयटीतल्या चार्ल्स ड्रेपर यांनी १९३० च्या दशकात केली. ८० मिलिमीटर व्यासाला तो स्वर सेकंदाला सुमारे सात हजार कंपनांच्या आसपास येतो. याच ड्रेपर यांच्या प्रयोगशाळेने पुढे अपोलो यानाचा दिशादर्शक संगणक बनवला. कॅमशाफ्टच्या सेन्सरवरून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळतं की आता कोणता सिलिंडर जळतो आहे. मग तो तेवढ्याच अंशांपुरता कान उघडतो, खडखड ऐकू आली तर त्या एकाच सिलिंडरचं टायमिंग दोन-तीन अंश मागे ओढतो, आणि नंतर हळूहळू, अंशाच्या छोट्या तुकड्यांनी, पूर्वपदावर आणतो. आज रस्त्यावरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत हे काम तुमच्या नकळत चालू असतं.

स्वीडनच्या साबने आणखी पुढची वाट धरली. १९९० च्या दशकातल्या त्यांच्या ट्रायोनिक प्रणालीत ठिणगी पडून गेल्यावर प्लगच्या टोकांमध्ये थोडा विद्युतदाब ठेवला जायचा. ज्योतीत विद्युतभारित कण असतात, त्यामुळे त्या फटीतून अगदी बारीक प्रवाह वाहतो. त्या प्रवाहावरून मिश्रण पेटलं की नाही आणि नॉकिंग झालं की नाही हे कळायचं. ज्या प्लगने आग लावली, तोच प्लग आगीची बातमी देतो, आणि तीही नेमक्या त्याच सिलिंडरची. ही कल्पना मला या विषयातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते.

हल्ली बाजारात मिळणाऱ्या ट्यूनिंगच्या ईसीयूमध्ये प्रत्येक सिलिंडरसाठी टायमिंगचा वेगळा रकाना असतो. तिथे आकडा टाकायला एक सेकंद पुरतो. तरुण मुलं मला विचारतात, “सर, चौथ्याला किती अंश टाकू?” त्यांना माझी स्वतःची एक चूक सांगतो.

एका गाडीत प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टवर मी तापमापी बसवली होती. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा ५० अंश सेल्सिअसने जास्त दिसत होता. मी ठरवलं, हा तापतोय, तर याचं टायमिंग मागे घेऊ. दोन अंश मागे घेतले. तापमान वाढलं. आणखी दोन घेतले. आणखी वाढलं. वर सांगितलेली बीटलची दुसरी बाजू मला तेव्हा माहीत होती आणि तरीही हातून हे झालं. ठिणगी मागे नेली की एक्झॉस्ट तापतो. एक्झॉस्टचं तापमान आतल्या पिस्टनचं तापमान सांगत नाही, जळणं किती उशिरा संपलं ते सांगतं. शेवटी प्लग काढले. त्या सिलिंडरच्या प्लगचा रंग फिका होता, इंजेक्टर अर्धवट तुंबलेला होता, मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण सावकाश जळतं, म्हणून त्याला ठिणगी उलट लवकर हवी असते. मी त्याला आणखी उशीर करत होतो. इंजेक्टर साफ केला आणि चारही तापमापी जवळ आल्या. टायमिंगच्या रकान्यात शून्य राहिलं.

दुसरा मोह टॉर्क मोजणाऱ्या डायनॅमोमीटरचा. एका सिलिंडरचं टायमिंग दोन अंश हलवायचं आणि टॉर्क वाढतो का ते बघायचं, असं पुष्कळजण करतात. हिशेब मांडून पाहा. टॉर्कचा आलेख शिखराजवळ सपाट असतो. तिथे दोन अंशांनी फार तर एक टक्का फरक पडेल, आणि तोही एका सिलिंडरच्या वाट्यात. चार सिलिंडरमध्ये तो पाव टक्का होतो. १२० न्यूटन-मीटरच्या इंजिनात तो फरक ०.३ न्यूटन-मीटर. इंजिनाचं तेल थोडं जास्त तापलं तरी त्याहून मोठा फरक दिसतो. शिवाय एकच सिलिंडर एका फेरीत जसा जळतो तसा पुढच्या फेरीत जळत नाही, शंभर-दोनशे फेऱ्यांची सरासरी घ्यावी लागते. म्हणून ज्यांना हे काम खरोखर करायचं आहे ते सिलिंडरच्या आतला दाब मोजतात. स्वित्झर्लंडच्या किस्टलर आणि ऑस्ट्रियाच्या एव्हीएल या कंपन्या त्यासाठी बोटाच्या पेरापेक्षा लहान सेन्सर बनवतात. ती साधनं महाग आहेत, साध्या गॅरेजला परवडणारी नाहीत. पण ती नसली तर काय करायचं नाही, हे तरी ठरवता येतं. टॉर्कच्या आकड्यावर विसंबून एकेका सिलिंडरला टायमिंग वाढवून देऊ नये. मोजमाप नसताना टायमिंग फक्त मागे घ्यावं, आणि तेही नॉकिंगचा पुरावा मिळाल्यावर.

तो पुरावा प्लगवर असतो. नॉकिंग झालेल्या सिलिंडरच्या प्लगवर, पांढऱ्या चिनी मातीवर, मिरपूड शिंपडल्यासारखे बारीक काळे किंवा चकाकणारे ठिपके दिसतात. चकाकणारे ठिपके पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे. ते भिंग लावून बघा. पण नॉक सेन्सरवर आंधळा भरवसाही नको. सैल टॅपेट, पिस्टनचा खडखडाट, इंजेक्टरची टकटक यांनाही तो कधी नॉकिंग समजतो, आणि एकच सिलिंडर कायम मागे ओढलेला राहतो. दूरच्या सिलिंडरचा आवाज त्याला क्षीण ऐकू येतो, ते वेगळंच.

आणि आता इंधन बदलतं आहे. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशात विकायला सुरुवात झाली. त्यातलं बरंच इथेनॉल आपल्याच ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांचं आहे. इथेनॉल नॉकिंगला जास्त दाद देत नाही आणि वाफ होताना मिश्रण थंडही करतं. नव्या गाड्यांचे ईसीयू त्यानुसार टायमिंग काही प्रमाणात पुढे नेतात. पण कार्ब्युरेटरवरच्या जुन्या गाडीला हे कळत नाही. तिला तेच जेट देऊन इथेनॉलचं पेट्रोल घातलं की मिश्रण पातळ होतं. एकाच कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या इंजिनात इंधन चारही सिलिंडरला सारखं पोहोचतच नाही, आणि ज्याचं मिश्रण आधीच सर्वांत पातळ, त्याला याचा फटका पहिला बसतो. पुढच्या काही वर्षांत जुन्या गाड्यांत एखाददुसऱ्याच सिलिंडरच्या तक्रारी येतील असं मला वाटतं, आणि त्या ओळखायला आपली तयारी हवी.

म्हणून क्रम सांगतो, गॅरेजमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला. आधी कम्प्रेशन तपासा, चारही सिलिंडरचं. मग टॅपेट, इंजेक्टर किंवा जेट, हवेची गळती, थंडाव्याची वाट. मग प्रत्येक वायरवर टायमिंग लाइट लावून पाहा, फक्त पहिल्यावर नको. एवढं सगळं जुळूनही एखादा सिलिंडर नॉक करत असेल, तर त्याला दोन अंश उशीर द्या आणि तो का दिला ते वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढचा मिस्त्री त्या रकान्यातल्या आकड्याला विनाकारण हात लावणार नाही.

मिस्त्रींची ती सागवानी पट्टी माझ्याकडे आहे. तिसरं भोक बाकीच्यांपेक्षा जास्त काळं पडलं आहे. का, ते मला कधी विचारता आलं नाही. आपल्याला एकच विनंती करतो. उद्या सकाळी गॅरेजमध्ये गेल्यावर अशी एक पट्टी बनवा, आणि कुठल्याही गाडीचे प्लग काढाल तेव्हा त्यांचा क्रम मोडू देऊ नका.